डब्यातला चोथा

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी गेल्या श्रावणात एके सकाळी पिशवीतून एक गुलाबी डबा काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, जरा वाचून सांगा की काय लिवलंय त्यावर. मापानं घ्यायचं म्हनली ती बाई, पर जेवायच्या आधी का नंतर, ते इसरले." डबा कसला, चांगली दीड शेराची बरणी होती. झाकणावर सडपातळ कमरेची एक तरुणी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली शिंप्याची टेप. मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येऊ नयेत अशा अक्षरांत, मालाची यादी. फायबर, बारा जीवनसत्त्वे, सात खनिजे, कृत्रिम चव, गोडी आणणारा पदार्थ. जेवणाआधी अर्धा तास, ग्लासभर पाण्यातून. किंमत अठराशे रुपये. तीस मापे. मावशींच्या दोन घरांच्या पोळ्यांचा महिन्याचा पगार त्या बरणीत बंद झालेला होता.

मी त्यांना वाचून दाखवले आणि मग, आयुष्यभर दुसऱ्याची कर्जप्रकरणे तपासल्यामुळे जडलेल्या सवयीने, विचारले, "मावशी, हे कोणी दिलं?" तर चाळीतल्याच एका बाईने. ती स्वतः चार महिन्यांत म्हणे नऊ किलो उतरली होती आणि आता इतरांना उतरवत होती. मावशींनी आणखी तिघींना आणले तर त्यांचा डबा निम्म्या किमतीत मिळणार होता. हा भाग ऐकल्यावर मला आमच्या बँकेची शेवटची काही वर्षे आठवली. मुदत ठेवीची पावती मोडायला आलेल्या म्हाताऱ्याला विम्याची पॉलिसी चिकटवल्याखेरीज काउंटर सोडू देऊ नका, असा तोंडी हुकूम त्या काळात वरून येत असे. लेखी कधीच येत नसे. असो.

आता विनोद असा, की त्या डब्यात मुख्य माल होता तो चोथा. 'फायबर' या शब्दाला शासकीय मराठीत 'तंतुमय पदार्थ' म्हणतात, पण आपल्या घरातला शब्द चोथाच. रस काढून झाला की उरतो तो चोथा. जे टाकून द्यायचे ते चोथा. आणि ज्या लेखनात दम नाही त्यालाही समीक्षक चोथाच म्हणतात (माझ्या दुसऱ्या कादंबरीला म्हटला होता). हा टाकाऊ पदार्थ अठराशे रुपयांना कसा काय विकला जाऊ लागला, याचा शोध घ्यावा असे मला वाटले. त्यात माझाही स्वार्थ होता. निवृत्त झाल्यापासून माझे स्वतःचे वजन अकरा किलोंनी वाढले आहे, साखर काठावर आहे, आणि माझ्या उशाशीही एक डबा आहे. इसबगोलाचा. त्याची हकिकत पुढे येईल.

चोथ्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने. युगांडात अनेक वर्षे काम करताना त्याच्या लक्षात आले, की तिथल्या खेड्यांतल्या लोकांना बद्धकोष्ठ, मोठ्या आतड्याचे विकार, लठ्ठपणा असले रोग फारसे होत नाहीत, आणि ते लोक भरड धान्य, कंद, शेंगा पोटभर खातात. १९७९ साली त्याने सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले आणि पाश्चात्त्यांना चोथा विसरू नका असे बजावले. १९८२ साली इंग्लंडात ऑड्री आयटन या बाईंचे 'एफ-प्लॅन' नावाचे आहारपुस्तक धडाक्याने खपले. त्यातला 'एफ' म्हणजे फायबरच. म्हणजे आज ज्याला नवे फॅड म्हणतो, ते चाळीस वर्षांपूर्वीचे आहे. मधल्या काळात शास्त्राने बर्किटचे म्हणणे बऱ्याच अंशी उचलून धरले. २०१९ च्या आरंभी 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा आढावा आला. १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ चाचण्या एकत्र करून काढलेला त्याचा निष्कर्ष असा, की रोज २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे, हृदयविकाराचे, मधुमेहाचे प्रमाण अगदी कमी चोथा खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी दिसते. वजनही कमी दिसते. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिवसाला सुमारे ३० ग्रॅमचा आकडा सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली किमान २५ ग्रॅम म्हटले, पण त्यात एक शब्द जाणूनबुजून घातला. 'नैसर्गिकरीत्या अन्नात असलेला' चोथा. डब्याच्या धंद्याची सगळी गोम या एका विशेषणात आहे.

कारण धान्यातला चोथा आणि डब्यातला चोथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्वारीची भाकरी चावावी लागते, वेळ लागतो, पोट फुगते, तिच्याबरोबर उसळ येते, कांदा येतो. अन्नाच्या पेशींच्या भिंती शाबूत असल्यामुळे आतले पिठूळ द्रव्य सावकाश सुटते. उरलेला ऐवज मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि त्यातून तयार होणारी आम्ले शरीराला 'आता पुरे' असा निरोप पाठवायला थोडी मदत करतात. हे सगळे काम एक चमचा पूड करीत नाही. चिकट, बुळबुळीत जातीचा चोथा पाण्यात फुगून जठर रिकामे व्हायला वेळ लावतो, हे खरे. इसबगोल त्याच जातीचा. पण त्याने वजन किती उतरते? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा चिकट चोथ्याच्या ६२ चाचण्या एकत्र केल्या होत्या. खाणे मुद्दाम कमी न करता नुसता चोथा घेतला, तर वजनातली सरासरी घट निघाली ०.३३ किलो. एक किलोचा तिसरा हिस्सा. आमच्या बँकेत एवढ्या रकमेच्या फरकावर आम्ही तेरीज पुन्हा मांडत नसू. 'सस्पेन्स'ला टाकून घरी जात असू.

इसबगोलाविषयी मात्र मला ममत्व आहे, आणि अमेरिकेत त्याला 'गरिबाचे ओझेम्पिक' म्हणून जो मान मिळाला आहे तो पाहून थोडी गंमतही वाटते. उत्तर गुजरातेतल्या उंझा-सिद्धपूरच्या बाजारातून आणि राजस्थानातून हा भुसा जगभर जातो. जगात त्याचे सर्वांत मोठे उत्पादक आणि निर्यातदार आपणच, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. नाव फारसी आहे. बियांचा आकार घोड्याच्या कानासारखा म्हणून 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान. आमच्या आजोबांच्या फडताळात तो कायम असे आणि त्याचा उपयोग एकच होता, तो चारचौघांत बोलायचा नसे. १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यातल्या विद्राव्य चोथ्याला हृदयविकाराचा धोका कमी करण्याच्या संदर्भात दावा करायला परवानगी दिली, कारण त्याने कोलेस्टेरॉल थोडे उतरते. ते काम तो चोख करतो. वजनाचे काम त्याच्या अंगावर इतरांनी टाकले.

आता माझी हकिकत. मी रोज सकाळी उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी घेतो. बारा वर्षे घेतो आहे. इसबगोल सुरू केला तेव्हा वाटले, एकाच ग्लासात दोन्ही कामे उरकावीत. चार महिन्यांनी तपासणीत थायरॉइडचा आकडा वर गेलेला. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवायला पेन उचलले आणि सहज विचारले, "सध्या आणखी काय घेता?" मी 'काही नाही' म्हणालो. कारण चोथ्याला औषध म्हणायचे माझ्या मनातच नव्हते. सौभाग्यवती शेजारी बसल्या होत्या म्हणून बरे, त्यांनी सांगितले. तो बुळबुळीत गोळा पोटात गोळीलाही धरून ठेवतो आणि ती रक्तात नीट उतरू देत नाही. दोन्हींत काही तासांचे अंतर हवे, एवढी साधी गोष्ट होती. डोस वाढवला नाही, वेळ बदलली, आकडा खाली आला. शिवाय हा भुसा कमी पाण्याबरोबर घेतला तर घशात किंवा अन्ननलिकेत फुगून बसू शकतो. म्हाताऱ्या माणसांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मी स्वतः एकदा घाईत अर्ध्या कपात कालवून प्यायलो आहे. पुन्हा पिणार नाही.

जीवनसत्त्वांचा हिशेब यापेक्षा निराळा आहे, आणि लोकांची सर्वांत जास्त फसगत तिथे होते. 'बी-कॉम्प्लेक्सने चयापचय वाढतो आणि चरबी जळते' असे मावशींच्या डब्यावर सूचित केले होते. स्पष्ट लिहिले नव्हते. सूचित केले होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जीवनसत्त्व म्हणजे पासिंग ऑफिसर. त्याची सही नसेल तर चेक वटत नाही, खिडकीवर रांग लागते, सगळे काम अडते. पण एका चेकवर दहा ऑफिसरांनी सह्या केल्या म्हणून खात्यातली शिल्लक वाढत नाही आणि कमीही होत नाही. ज्याच्या शरीरात कमतरता आहे त्याला गोळी द्यावी, अवश्य द्यावी. ज्याच्यात नाही त्याचे जादा 'बी' आणि 'सी' बहुतांशी लघवीवाटे जाते. 'ए' आणि 'डी' मात्र जात नाहीत. ते साठतात आणि प्रमाणाबाहेर साठले की अपाय करतात. केसांसाठी म्हणून घेतले जाणारे बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे खोटे दाखवू शकते, हा इशारा अमेरिकेच्या प्रशासनाने २०१७ सालीच दिला आहे. २०२२ साली तिथल्याच रोगप्रतिबंधक तज्ज्ञांच्या मंडळाने सांगितले, की निरोगी माणसाने मल्टिव्हिटॅमिन घेऊन हृदयविकार किंवा कर्करोग टळतो असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही. वजनाचा तर तिथे प्रश्नच नव्हता.

तरीही जीवनसत्त्व आणि चरबी यांचा संबंधच नाही असे कोणी म्हणू लागला, तर त्याला पुण्याला पाठवावे लागेल. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसले, की दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी होते. आणि ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत चरबीही अधिक होती. म्हणजे एक जीवनसत्त्व कमी आणि दुसरे जास्त, या असमतोलाची नोंद पुढच्या पिढीच्या खात्यावर पडते. याच डॉ. याज्ञिकांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले होते, शेजारी त्यांचे इंग्रज सहलेखक जॉन युडकिन. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि पुणेकराची २१.२. काट्यावर सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून किती जाड असतो, हे त्या एका चित्राने जगाला सांगितले. वजनकाटा हाच एकमेव न्यायाधीश धरून विकल्या जाणाऱ्या डब्यांना हे चित्र गैरसोयीचे आहे.

आणि लठ्ठपणा वाढतो आहे यात खोटे काही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) २१ टक्के स्त्रिया आणि १९ टक्के पुरुष जादा वजनाचे होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते २४ आणि २३ टक्के झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीने सुटलेल्या पोटांचे प्रमाण ३९.५ टक्के सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी डेहराडूनला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात लठ्ठपणाचा विषय काढून तेल दहा टक्क्यांनी कमी करा म्हटले. त्याच वर्षी मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात दाखल झाली. वेगोव्हीतल्या औषधाच्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी पंधरा टक्के उतरले होते. म्हणजे ही औषधे काम करतात. तो चोथा नव्हे. पण माउंजारोची पाच मिलिग्रॅमची एक कुपी बाजारात आली तेव्हा ४,३७५ रुपयांना होती आणि ती आठवड्याला एक लागते. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी मग हे गुलाबी डबे. इंजेक्शनाचा बोलबाला जितका वाढला, तितका 'त्याच्यासारखेच, पण नैसर्गिक' या बोलीचा भाव वाढला.

कायदा काय करतो? १९५४ चा जादूटोणा छाप औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा केंद्रीय कायदा अजून लागू आहे, आणि ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणाचे नाव आहे. ते तिथे घालणाऱ्या माणसाच्या दूरदृष्टीला नमस्कार करावासा वाटतो. पण त्याच कायद्यात औषधाची व्याख्या करताना, शरीरावर परिणाम करणारी कोणतीही वस्तू, 'अन्न सोडून', असे शब्द एका कलमात आहेत. आणि डबा हे अन्न आहे. त्याला परवाना अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, आणि त्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापण्याचे बंधन. ते छापलेले असतेच. २००६ च्या अन्न कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. पण जाहिरात छापली तर दंड. चाळीच्या जिन्यात एका बाईने दुसरीच्या कानात सांगितले, तर कोणाला पकडणार?

मी मावशींना उपदेश करायचे ठरवले होते. तुमच्या मुलखाची भाकरी सोडून तुम्ही पोळी खाऊ लागलात, म्हणून हे झाले, असे काहीसे. मावशी मंगळवेढ्याकडच्या. मी १९८८ ते ९१ त्या शाखेत कृषी अधिकारी होतो. तिथल्या काळ्या रानातली टपोरी ज्वारी, जिला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, तिच्या पेऱ्यावर मी पीककर्जे वाटलेली आहेत. उपदेशाला पुरावा हवा म्हणून पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते उघडले आणि माझा उपदेश तिथेच आटोपला. शंभर ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे दहा ग्रॅम, बाजरीत साडेअकरा. आणि गव्हाच्या न चाळलेल्या कणकेत? तोही सुमारे अकरा. पोळीचा काही अपराध नव्हता. अपराधी होते मैदा आणि पांढरा तांदूळ, दोघेही तीनच्या आतबाहेर. मग मी मावशींना दिवसभरात काय खाता ते विचारले. सकाळी सहाला चहा. अकरा वाजता एका घरी चहा-खारी. दुपारी तीनला घरी भात आणि पातळ आमटी. संध्याकाळी पुन्हा चहा, बिस्किटे. रात्री नऊला भात, कधी एखादी पोळी. दिवसाला सहा घरांत मिळून शंभर-सव्वाशे पोळ्या लाटणारी बाई स्वतः दिवसभर मैदा आणि तांदळावर होती. उसळ भिजवायला, मोड आणायला, शिजवायला जो वेळ लागतो तो त्यांच्याजवळ नाही. तूरडाळीचा भाव त्यांना तोंडपाठ आहे. रेशनवर जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट मिळते, ही मोठीच सोय; पण ते मिळते तांदूळ आणि गहू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य रुपयाला किलो देण्याची तरतूद होती, आणि २०२३ हे वर्ष तर आपणच पुढाकार घेऊन जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. मावशींच्या कार्डावर त्या वर्षी ज्वारी आली नाही. (१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. तेव्हा रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो येई आणि आम्ही मुले त्याच्या भाकरीला नाके मुरडत असू. तीही ज्वारीचीच बहीण होती.)

मी कागद घेऊन हिशेब मांडला. दोन भाकऱ्यांचे पीठ एकशेदहा ग्रॅम, चोथा अकरा. चाळीस ग्रॅम मुगाची उसळ, सात. एक मध्यम पेरू, आठ. वाटीभर पालेभाजी, चार. झाले तीस. आता डब्याच्या एका मापात पाच ग्रॅम, साठ रुपयांना. म्हणजे ग्रॅमला बारा रुपये. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात शंभर ग्रॅम इसबगोल दीडशे रुपयांना, त्यात चोथा ऐंशी ग्रॅम. ग्रॅमला दोन रुपयांच्या आत. ज्वारी साठ रुपये किलो धरली तर शंभर ग्रॅम चोथा साठ रुपयांत. ग्रॅमला साठ पैसे, आणि वर नऊशे ग्रॅम अन्न. डब्याचा भाव ज्वारीच्या वीसपट. एवढ्या व्याजाने पैसे देणाऱ्या सावकाराची आम्ही तालुक्याच्या निबंधकाकडे तक्रार करत असू.

कागद मी मावशींना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "हिशेब खराय, साहेब. पर पेरू आणायला कोन जानार आन् मूग कवा भिजवू? हे एक चमचा पान्यात टाकलं की झालं. आन् त्या बाईनं माझी विचारपूस केली. गुडघा दुखतोय का, जिना चढताना दम लागतोय का. दवाखान्यात मला नुसतं 'वजन कमी करा' म्हनले. कसं करू, ते कोनी सांगितलं न्हाई."

याला माझ्या तेरजेत रकाना नव्हता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरपुढे शंभर माणसांची रांग असते, त्याच्याजवळ मावशींच्या दिवसाचा हिशेब मांडायला वेळ कुठला; आणि आहारतज्ज्ञ नावाचा माणूस त्या दवाखान्यात मी अजून पाहिलेला नाही. ती जागा रिकामी आहे म्हणून तिथे डबेवाली बाई येऊन बसली. मी स्वतः पाच वर्षे या बाईंच्या हातच्या पोळ्या खातो आहे आणि त्या आमच्याकडे अकरा वाजता आल्यावर काय खातात, हे मी पहिल्यांदा त्या दिवशी विचारले. आता सौभाग्यवती रात्री मूठभर मूग जास्तीचे भिजत टाकतात. मावशी आल्या की आधी वाटीभर उसळ आणि त्यांच्याच हातची गरम पोळी, मग कामाला सुरुवात. उरलेल्या पाच घरांचे काय, हा प्रश्न आहेच.

डब्यातली अकरा मापे वापरून झाली आहेत. वजन सातशे ग्रॅमने उतरले, मग पुन्हा होते तिथे आले. परवा मावशींनी विचारले, की उरलेला डबा परत घेतात का? २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनुसार माल परत करण्याची आणि पैसे परत मिळण्याची अट गिऱ्हाइकाला सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. मावशींना कोणी काही सांगितले नव्हते, आणि पावतीही दिली नव्हती. कंपनीच्या पत्त्यावर मी त्यांच्या नावाने अर्ज लिहिला, पस्तीस वर्षांच्या सवयीने वर 'विषय' आणि खाली 'सोबत' असे रकाने घालून. मावशींनी सही केली, तारीख टाकली, आणि टोल-फ्री १९१५ या ग्राहक मदतक्रमांकावर तक्रारही नोंदवली. त्या गोष्टीला आज तेवीस दिवस झाले. डबा आमच्याच फडताळात आहे, माझ्या इसबगोलाशेजारी.